बिबट्या उजवीकडे, बायको डावीकडे

विषुववृत्ताजवळ जायचं म्हणून मी स्वेटर घरीच ठेवला. केनियातलं मसाई मारा अभयारण्य समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, हे बायकोने सांगितलं ते नैरोबीला उतरल्यावर. त्यामुळे पहाटे सहाला जीपचं छत वर उचललं तेव्हा मी हॉटेलची चादर पांघरून उभा होतो. तिच्या गळ्यात दुर्बीण, काखेत पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक. केनियात हजारावर जातींचे पक्षी आहेत हे मला ठाऊक होतं. ते तिला त्याच दिवशी संपवायचेत, हे नव्हतं.

सुरुवात मजेत झाली. आपल्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा भाऊ काटेरी बाभळीवर बसलेला दिसला. मग सेक्रेटरी बर्ड. काळी अर्धी चड्डी, उंच पाय, डोक्यामागे पिसांचा तुरा, आणि चाल अशी की तहसीलदार अतिक्रमण बघायला निघालेत. हा साप लाथा घालून मारतो. मला तो मनापासून आवडला.

तेवढ्यात वायरलेसवर खरखर झाली, "चुई, चुई!" स्वाहिलीत चुई म्हणजे बिबट्या. चालकाने गिअर टाकला, नाशिकचे काका कॅमेरा घेऊन उभे राहिले आणि बायको ओरडली, "थांबा!"

गवताच्या काडीवर एक तपकिरी पिल्लू. पिल्लू नव्हे म्हणे, सिस्टिकोला. याच्या ढीगभर जाती, सगळ्या तपकिरी, आणि त्या ओळखायच्या आवाजावरून. कुणी खुळखुळतो, कुणी डरावतो. आमचा गप्प होता.

"अहो, हलू नका, गाडी हलते."

पंचवीस मिनिटं. पहाटेचे दोन कप चहा आता हिशेब मागत होते. जंगलात गाडीतून उतरायला बंदी. अगदीच नड असली तर गाइड त्याला 'टायर तपासणं' म्हणतात, पण ते मोकळ्या मैदानात. इथे गवत कमरेएवढं, आणि त्यात आधीच कोण बसलंय ते कुणाला ठाऊक!

शेवटी पक्षी उडाला. हवेत हेलकावे घेत, प्रत्येक हेलकाव्याला 'झिट, झिट' करत. बायकोने पुस्तक उघडलं. "झिटिंग सिस्टिकोला!"

"दुर्मीळ असेल ना?" काकांनी आशेने विचारलं.

"छे हो! आपल्या सासवडच्या माळावर पण असतो."

काका खाली बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. बिबट्याच्या झाडाखाली आम्ही पोचलो तेव्हा सात जीपा परत फिरत होत्या. फांदीवर अर्धवट खाल्लेलं हरीण तेवढं लोंबत होतं.

"त्याच्या वर बघा," बायको म्हणाली, "गिधाड!"

परत येऊन आठवडा झाला. येत्या रविवारी पहाटे सासवडला जायचंय, तोच पक्षी इथला कसा ओरडतो ते ताडून बघायला. मी लगेच हो म्हणालो. तिथे टायर तपासायला तरी अडचण नाही.