विश्वेश्वरय्यांना जादूगार का करता?

अभियंता दिनाचे भाषण भाचीने मला तपासायला दिले, तेव्हा व्हॉट्सॲपवर दर सप्टेंबरात फिरणारा मजकूरच त्यात शब्दशः उतरलेला दिसला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे भारताचे पहिले अभियंते, खडकवासला धरण त्यांनी बांधले, म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण एकट्याच्या बळावर उभारले आणि धावत्या गाडीत नुसत्या आवाजावरून पुढचा रूळ तुटल्याचे ओळखून त्यांनी साखळी ओढली, असे तो मजकूर सांगतो. भाची स्थापत्य अभियांत्रिकी शिकते, म्हणून गप्प राहवत नाही.

‘पहिले अभियंते’ हे तर उघडच चूक आहे. रुडकीचे महाविद्यालय १८४७चे, पुण्याचे १८५४चे. याच पुण्यातून ते १८८३ मध्ये उत्तीर्ण झाले. खडकवासल्याचे धरण त्याआधीच उभे होते.

रुळाच्या गोष्टीला ना साल, ना गाडी, ना स्थानक. त्या काळच्या रुळांना थोड्याथोड्या अंतरावर जोड असत आणि उष्णतेने रूळ वाढतो म्हणून तिथे फट ठेवलेली असे. गाडीचा खडखडाट मुख्यतः त्या फटींचाच. चाके अजून पोहोचलीच नाहीत, त्या तुटीचा आवाज एवढ्या खडखडाटातून डब्यात बसलेल्या माणसाने वेगळा कसा काढावा? अशा गोष्टीने अभियंता म्हणजे दैवी कानाचा माणूस ठरतो आणि मोजमाप, नोंदी, हिशेब या त्याच्या खऱ्या कामाची किंमत पुसली जाते. १९०८च्या महापुरानंतर हैदराबादेत त्यांनी पावसाच्या नोंदी व मुसी नदीचे खोरे तपासून शहराच्या वरच्या बाजूला जलाशय सुचवले. उस्मानसागर व हिमायतसागर त्यातूनच आले. ते भाषणात एका ओळीतही नाही!

खडकवासल्याबाबत अर्धे सत्य मात्र मान्य करावे लागते. पाणी ठरावीक पातळीवर चढले की आपोआप उघडणारे व उतरले की मिटणारे दरवाजे त्यांनी तिथे १९०३ मध्ये बसवले. १९५१च्या ‘मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ’ या आत्मचरित्रात त्यांनीच ते वर्णिले आहेत. धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी उंचावणे हे धरण बांधल्याच्या खोट्या श्रेयापेक्षा कितीतरी मोठे आहे.

कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले, त्यामागे त्यांचा आग्रह होता, हे खरेच. पण पैसा म्हैसूर संस्थानाचा होता, हात हजारो मजुरांचे होते आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले तेव्हा धरण अपुरेच होते.