सीआरपी वाढलाय, मग तोंड उघडून कुणी बघितलं का?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन, जास्त आला की आपल्याकडे सगळे छातीकडे धावतात. ईसीजी होतो, टूडी इको होते. करायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण माणूस बिडी-सिगारेट ओढणारा असेल तर त्याच्या हिरड्याही तपासल्याच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही सूज असली की ते रक्तात वाढतं. सूज नेमकी कुठे आहे, हे मात्र आकड्यावरून कळत नाही. ताप, संधिवात, वाढलेलं वजन अशी कारणं असतातच. बिडी-सिगारेटच्या धुरानेही सीआरपी वाढतो, सोबत पांढऱ्या पेशी वाढतात. आणि पायरियानेही, म्हणजे हिरड्यांच्या जुनाट आजारानेही वाढतो, कारण दात आणि हिरडी यांच्या फटीत जंतू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेले असतात. निरोगी हिरडीत ही फट ३ मिलिमीटरपर्यंत असते. त्याहून खोल गेली की ब्रश तिथे पुरत नाही. ओढणाऱ्यांत पायरियाही जास्त, म्हणजे एकाच शरीरात सुजेची दोन कारणं.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. लालीही फारशी दिसत नाही. आत हाड झिजत असतं आणि माणूस म्हणतो, माझे दात ठणठणीत आहेत. हिरड्यांच्या आजारांच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्या पायरियाच्या रुग्णाला सर्वांत वेगाने बिघडणाऱ्या गटात धरलं आहे.

नाशिकला हे सांगायला हवं. सिन्नरला बिड्या वळण्यात पिढ्या गेल्या. सातपूर-अंबडला कारखान्यांची पाळी सुटली की टपरीवर गर्दी होते. आणि 'दात साफ केले की सैल होतात' हे घराघरात ऐकू येतं. अहो, हाड आधीच गेलेलं असतं, कीटण निघाल्यावर ते फक्त लक्षात येतं!

पायरियावर उपचार झाले की सीआरपी थोडा का होईना उतरतो, मधुमेह असेल तर साखरेलाही फायदा होतो. पण धूर चालू असेल तर हिरडी नीट भरून येत नाही.

आणखी एक. सिगारेट सोडल्यावर काही आठवडे हिरड्यांतून रक्त जास्त येऊ शकतं. घाबरून पुन्हा ओढू नका. दाबलेली सूज आता दिसायला लागली आहे, तेव्हा लगेच दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि 'सोडली आहे' हे त्यांना आधी सांगा.