‘आडनाव सांगा, मत सांगतो’ म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: इतिहासातल्या गुन्ह्यात दोषी कोण, हे माणूस पुरावा बघून नाही, स्वतःचं आडनाव बघून ठरवतो. चौथ्या शिवाजी महाराजांचं प्रकरण असो की १९४८ ची जाळपोळ, मराठा एक बोलणार, ब्राह्मण दुसरं बोलणार. खरं सांगेल तो फक्त बाहेरचा, ज्याचा काही संबंध नाही तो. म्हणून हे विषय उकरूच नयेत. मला हा मजकूर चौघांनी पाठवला, त्यातले दोघे सख्खे नातेवाईक. मला तो पटत नाही.

आधी ‘मराठा एक बोलणार, ब्राह्मण दुसरं’. चौथे शिवाजी महाराज १८७१ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले तेव्हा ८ वर्षांचे होते. पुढे त्यांना वेडं ठरवलं गेलं. त्यांचा छळ होतोय आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी छापलं. छापणारे आगरकर आणि टिळक. बर्वे चित्पावन, आगरकर चित्पावन, टिळकही चित्पावन. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, तेव्हा या दोघांसाठी १०,००० रुपयांचा जामीन दिला रामशेठ उरवणे यांनी, तोही जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. आडनावांच्या हिशोबात हे कुठं बसतं?

कोणी म्हणेल, टिळकांचं पुढचं बघा. बघूया की. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करावेत की नाही या वादात, हेच टिळक शाहू महाराजांच्या विरोधात गेले, आणि तिथं त्यांची जात बोलत होती असं मलाही वाटतं. पण माणूस तोच, आडनाव तेच, समोर गादीही कोल्हापूरचीच, आणि भूमिका दोन टोकांच्या. एकाच आडनावावरून या दोन्ही कशा ओळखणार होतात तुम्ही?

आता माझ्या बाजूचं. आमचं घर मंगळवार पेठेतलं, मराठ्याचं. ‘बर्व्यानं आमचा राजा खाल्ला’ हे आजोबांच्या तोंडचं वाक्य ऐकत मी मोठा झालो. ज्या पत्रांच्या भरवशावर तो मजकूर छापला होता ती पत्रं बनावट निघाली, आगरकर-टिळकांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ ला त्यांना चार महिन्यांची कैद झाली आणि ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले, हे मी कॉलेजात असताना वाचलं. मला राग आला. पुस्तक मिटून ठेवलं. घरची ओढ म्हणतात ती हीच, आणि ती असते, एवढं त्या मजकुरातलं मला मान्य आहे.

पण आठवड्याभरानं पुस्तक परत उघडलं, तेव्हा कळलं की मी दोन प्रश्नांची एकच मोळी बांधली होती. बर्व्यांवरचा आरोप त्या पत्रांनी सिद्ध होत नाही, हे एक. पत्रं खोटी निघाली म्हणून महाराजांचे हाल झालेच नाहीत असंही होत नाही, हे दुसरं. त्यांना नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथं २५ डिसेंबर १८८३ ला ग्रीन नावाच्या सोजिराशी झटापट झाली आणि विशीतच ते गेले. हे आजोबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ अडकित्ता हातात धरून बसले. मग म्हणाले, “म्हंजे झटापट त्या गोऱ्याशी, आन् शिव्या आमी बर्व्याला घालत बसलो.” तेव्हा त्यांचं वय ७८ होतं.

‘बाहेरचा तोच निःपक्ष’ या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. या प्रकरणात भोसलेही नव्हे आणि बर्वेही नव्हे, असं कोण होतं? इंग्रज. दरबार त्यांच्या देखरेखीखाली, महाराजांना नगरला ठेवणारे तेच, पहाराही त्यांचाच.

राहिलं १९४८. गांधीजींच्या खुनानंतर कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं-दुकानं पेटवली गेली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. गोळी दिल्लीत सुटली आणि राख इथं झाली, ती आडनावं बघूनच. म्हणून आडनावावरून माणूस ओळखायची भाषा मला या गावात तरी ऐकवत नाही.

आमच्या पोटमाळ्यावर तांब्याचा एक हंडा होता. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, आणि ते आमचं नव्हतं. विचारलं की आई सांगायची, ‘मागच्या घरातल्यांनी गाव सोडताना आपल्याकडं ठेवायला दिला.’ मी ते तीस वर्षं मानलं, कारण मानायला बरं वाटत होतं. तो जाळपोळीतनं आणलेला आहे असं म्हणणाऱ्या चुलत भावाशी मी कडाकडा भांडलोय.

पाच वर्षांपूर्वी त्या घरातले एक काका पुण्यात भेटले. १९४८ साली ते ९ वर्षांचे होते. मी मोबाईलवर हंड्याचा फोटो दाखवला, नुसत्या वरच्या बाजूचा. ते म्हणाले, “बुडाला पोचा आहे का बघा. माझ्या हातनं आडात पडला होता.” ठेवायला दिल्याचं विचारलं, तर म्हणाले, “ठेवायला काय देणार? अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. तुमच्या परसातनं. तुमच्या आजीनंच कडी काढली.”

घरी येऊन हंडा पालथा केला. पोचा होता.

त्या मजकुराप्रमाणे मी अजूनही ‘ठेवायला दिला’ हेच धरून बसायला हवं. मी बसलो नाही. आजीनं कडी काढली, आणि ती माणसं गेल्यावर आमच्याच घरातलं कोणीतरी त्यांच्या घरात शिरलं. दोन्ही आमच्या घरचं आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत चिंच घेऊन हंडा घासत बसली होती. मी पुण्याची गाडी पकडायला निघालो तेव्हा तिनं तो पिशवीतनं परत बाहेर काढला, पदरानं काठ पुसला आणि म्हणाली, “नाव नीट दिसतंय न्हवं?”