आवाज काढून दाखवा

गाडी तापली तर काटा वर जातो, पेट्रोल संपत आलं तर दिवा लागतो. आवाजासाठी मात्र डॅशबोर्डवर काहीच सोय नाही. तो मालकाने गॅरेजात उभं राहून, चार लोकांसमोर, स्वतःच्या तोंडाने काढून दाखवायचा असतो.

"कसा येतो?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुंईईई," मी म्हणालो.

"कुंई की घूंऽऽ?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. घूंऽऽ म्हणजे चाकाचं बेरिंग. कुंई म्हणजे बेल्ट, गाडीची वीज तयार करणारा अल्टरनेटर नाहीतर स्टिअरिंगचा पंप. मध्येच कुठेतरी घुंई निघाला तर गिअरबॉक्स, आणि तिथे खर्चाचा आकडा ऐकून मालकाच्याच तोंडून आवाज येतो. मी पुन्हा मन लावून कुंईईई केलं. शेजारी स्कूटरचा प्लग साफ करणारा पोऱ्या हात थांबवून बघायला लागला.

आमची गाडी २००९ सालची. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करून घेतलेली. अशा गाडीला थोडाफार आवाज असायचाच, हे मला मान्य आहे. मागच्या दाराचा खडखडाट, वायपरची कुरकुर, खड्ड्यात सस्पेन्शनने टाकलेला उसासा, हे सगळं घरातलंच. पण हा आवाज नवा होता आणि त्याला स्वभाव होता. एक्सलेटर दाबला की पट्टी वर चढायची, सोडला की उतरायची. गावातल्या गावात मुळीच यायचा नाही. कात्रज ओलांडून हायवेला लागलं की मात्र हमखास यायचा. गाणं चालू असताना लपून बसायचा. मी फोनवरून गाणं थांबवलं की हा आपला सोलो सुरू करायचा.

घरी एकमत होईना. बायकोचं म्हणणं, तो कुंई नसून ट्यांऽऽ आहे. बाबांना काहीच ऐकू येत नव्हतं. वय वाढलं की कानाला वरच्या पट्टीतले आवाज आधी ऐकू यायचे बंद होतात, त्यामुळे बाबांच्या लेखी गाडी ठणठणीत होती आणि मुलगा तपासून घ्यायला हवा होता. सोसायटीतले एक काका पार्किंगमध्ये स्वतः येऊन उभे राहिले. मी गाडी मागे घेतली मात्र, "हाच! हाच!" म्हणून ओरडले. रिव्हर्स गिअर कुठल्याही गाडीचा कण्हतो. बाकीच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, ते हळूहळू एकमेकांत शिरतात. रिव्हर्सचे बहुधा सरळ असतात, ते एकदम आदळतात. हे मी काकांना समजावलं. काकांनी ते माझ्या तोंडावरच नाकारलं आणि अजूनही लिफ्टमध्ये भेटले की "गिअरचं काय केलंस?" असं विचारतात.

मिस्त्री माणूस पद्धतशीर. गाडीत बसल्या बसल्या पहिलं काम करायचे ते डेक बंद करायचं. "आधी हे बंद, साहेब. काय ऐकू येणार?" मग बॉनेट उघडायचं. बेल्टवर पाणी शिंपडायचं, कारण पाण्याने आवाज गेला तर दोष बेल्टचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावायची, की आत बेरिंग कसं फिरतंय ते कळतं. मलाही ऐकवलं. खरंच, आत कोणीतरी जातं दळत असावं असं वाटलं. शेवटी बेल्टच काढून इंजिन क्षणभर चालवलं. बेल्ट काढला की अल्टरनेटर आणि पंप दोन्ही थांबतात. आवाज गेला तर गुन्हेगार त्यांच्यापैकीच कोणीतरी.

युक्ती बिनतोड होती. फक्त जो आवाज आधीच येत नव्हता, तो बेल्ट काढल्यावर जाणार कसा? गॅरेजात गाडी एखाद्या सुशील मुलीसारखी गप्प. मिस्त्री एकटे चक्कर मारून यायचे आणि हात पुसत सांगायचे, "मक्खन चालते." मी बरोबर गेलो, तरीही मक्खन. तोंडाने आवाज काढणारा मी एकटाच.

तरी त्यांनी मला गृहपाठ दिला. डावीकडे वळताना वाढतो का बघा. डावीकडे वळलं की गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेरिंग. खंबाटकीच्या वळणांवर मी इतक्या एकाग्रतेने ऐकत होतो, की मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरून हात काढला नाही. आवाज वळणांना दाद देत नव्हता. मग क्लच दाबून बघा. क्लच दाबल्यावर आवाज खाली आला! झालं, गिअरबॉक्स. खर्चाच्या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी चहा पिताना सुचलं, की क्लच दाबताना एक्सलेटरवरचा पायही उचललेला असतो. इंजिन मंदावतं, म्हणून आवाज उतरतो. गिअरबॉक्स सुटला, मीही सुटलो. दरम्यान बेल्टच्या एका पुलीचं बेरिंग मात्र बदलून झालं होतं. नाना पेठेतून पार्ट मीच आणून दिला. "तेही जायलाच आलं होतं," मिस्त्री म्हणाले. जुन्या गाडीत काहीही बदलून हेच म्हणता येतं आणि ते खोटंही ठरत नाही.

पुरावा हवा म्हणून रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. खेड शिवापूरच्या पुढे आवाज अगदी रंगात आला होता. बायकोने पटकन माझा फोन उचलून रेकॉर्डरचं बटण दाबलं. आवाज बंद. ऐकल्यावर त्यात एवढंच मिळालं: "गेला. अरे, गेला. समोर बघ, समोर!" मी हे रेकॉर्डिंग तरीही मिस्त्रींना पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

उलगडा केला मावशीने. तिला वाईहून पुण्याला आणत होतो. सुरूर फाट्याला हायवेला लागलो आणि सुरू झालं, कुंईईई. मावशी म्हणाली, "अरे, हे काय रडतंय?" मी नेहमीचं व्याख्यान सुरू केलं: बेल्ट, बेरिंग, अल्टरनेटर. ते तोडत ती म्हणाली, "तुझा फोन दे बरं, माझ्याला रेंज नाही. भाजीवाल्याला सांगायचं राहिलं." आणि चार्जरची पिन उपसून फोन घेतला.

शांतता.

भाजीवाल्याशी बोलणं झालं. तिने पिन परत खुपसली. कुंईईई. मी म्हणालो, "मावशी, काढ." काढली. शांतता. "लाव." कुंईईई. "काढ." बोगदा येईपर्यंत आमचं हेच चालू होतं. मावशीला वाटलं, मी तिला चिडवतोय.

आमच्या डेकला ब्लूटूथ नाही. गाण्यांसाठी फोन वायरने डेकला जोडलेला आणि लांबच्या प्रवासात नकाशा चालू, म्हणून तोच फोन चार्जरलाही लावलेला. अल्टरनेटर मुळात एसी वीज तयार करतो. डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच आणि इंजिन जोरात फिरलं की तीही जलद होते. फोनला डेककडून एक अर्थिंग आणि चार्जरकडून दुसरं, असा फेरा पूर्ण झाला की ती लहर गाण्याच्या वायरीत शिरते आणि स्पीकरमधून गाऊ लागते. म्हणजे अल्टरनेटरचा संशय अगदीच वाया गेला नव्हता. फक्त आम्ही सगळे बॉनेटखाली कान लावून बसलो होतो आणि तो दाराच्या स्पीकरमधून बोलत होता. मिस्त्री आधी डेक बंद करत, मी उतरताना फोन खिशात टाकत असे. पुढचं काय सांगायचं!

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं, मक्खन आहे."

यावर एक छोटी डबी मिळते, वायरीच्या मध्ये बसवायची. ती आणायला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. एव्हाना माझा आवाज चांगलाच तयार झाला होता. खालच्या पट्टीतून उचलून तिसऱ्या गिअरपर्यंत सलग नेता येत होता. काउंटरवर हात टेकून मी घसा साफ केला.

"गाडीत फोन चार्जिंगला लावला की कुंई करतं ना?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं आणि मागच्या खणातून डबी काढून ठेवली. "दोनशे."

मी म्हटलं, "अहो, ऐकून तरी घ्या."

"घेतो ना," तो म्हणाला. "सुट्टे आहेत का?"