सूचनापेटी आणि ताक

मे महिन्यात आमच्या जळगावचा पारा 45 ला टेकतो. नेमक्या त्याच महिन्यात साहेबांना सुचलं की, नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंटवरच्या चाचणीत, कुणाला काही झालं तर ती घटना नोंदवण्याच्या धोरणावर स्टाफची मतं मागवायची. मी कोऑर्डिनेटर. म्हणजे लग्नात जो वाढतोही आणि रुसलेल्या फुवाची समजूतही काढतो, तो. नाव न लिहिता फॉर्म भरायचा आणि चहाच्या खोलीतल्या पेटीत टाकायचा, एवढंच होतं.

दोन दिवस पेटी रिकामी. मग फॉर्म घेऊन मीच दारोदार फिरलो. सिस्टर म्हणाल्या, "काही सांगितलं की तुम्ही म्हणता, आता रिपोर्टही तुम्हीच भरा. त्यापेक्षा मला दिसलंच नाही." मावशींनी तर कागदाला हातही लावला नाही. "मनं नाव नको लिखू, भाऊ." नाव लिहायचंच नाहीये म्हटलं, तर म्हणाल्या, "मंग कोनं सांगं, ते कसं समजी?" याचं उत्तर साहेबांकडेही नसावं.

डॉक्टरांचं दुखणं वेगळंच. ट्रायलच्या 2019 च्या नियमांनुसार गंभीर घटना 24 तासांत सरकारी परवाना अधिकारी, स्पॉन्सर (म्हणजे औषधाची कंपनी) आणि एथिक्स कमिटी (पेशंटच्या हितावर नजर ठेवणारी समिती), तिघांना कळवायची. पेशंट दवाखान्यात भरती झाला की घटना गंभीरच, गोळीचा संबंध असो वा नसो. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या यावलकडच्या एका पेशंटला बैलाने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, भुसावळला भरती. पोराने आम्हाला सांगितलं नवव्या दिवशी! "घरात बहिणी आलेल्या, झोके बांधलेले, त्यात तुम्हाला कुठे फोन करू? आणि बैल काय तुमच्या कंपनीचा होता का?" उशिराचं कारण लिहावंच लागतं. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे 'आखाजी' लिहिलं. स्पॉन्सरकडून लगेच विचारणा आली: हे औषध पेशंट कधीपासून घेतोय?

शेवटी पेटी उघडली. 14 फॉर्म निघाले. 13 फॉर्मांवर 'धोरण उत्तम आहे', शाई एक, अक्षराचं वळणही एक. चौदाव्यावर मात्र लिहिलं होतं: 'ट्रायलच्या औषधांचा फ्रिज 2 ते 8 डिग्रीत राहिला पाहिजे म्हणतात. त्यात रोज ताकाची बाटली कोण ठेवतं, यावरही धोरण असावं.'

ताक माझंच.

आता ही घटना नोंदवायची कोणी? कोऑर्डिनेटरने. निमूटपणे कोरा फॉर्म काढला. 'घटना कधीपासून' समोर 'होळीपासून' लिहिलं. 'कळवण्यास उशीर का झाला' इथे पेन अडला.

मागून सिस्टर वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "आखाजी लिहा ना."