नुसतं ‘ट्रू’ साठवून संमती सिद्ध होत नाही

‘एपीआयला कन्सेंट ट्रू पाठवलं, टेबलात नोंद पडली, कायदा पाळला’ असा मेसेज डेव्हलपरांच्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणजे वापरकर्त्याने माहिती वापरायला ‘हो’ म्हटलं (कन्सेंट ट्रू), ते अ‍ॅपने एपीआयमधून (दोन सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीच्या मार्गाने) सर्व्हरला कळवलं, की झालं. तो अर्धवट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ६ नुसार, वाद झाला तर सूचना (कोणती माहिती कशासाठी घेतोय ते सांगणारी) दिली होती आणि संमती रीतसर घेतली होती हे कंपनीनेच सिद्ध करायचं. नुसत्या ‘ट्रू’वरून कोणती सूचना दाखवली ते काय कळणार, कपाळ? म्हणून एपीआयला जाणाऱ्या रिक्वेस्टमध्ये हेतू, सूचनेची आवृत्ती आणि भाषाही जाऊ द्या (सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यावाच लागतो). वेळ मात्र सर्व्हरने टाकावी. मोबाइलचं घड्याळ कुणीही मागेपुढे करतं. संमती मागे घेतली तर टेबलातली जुनी ओळ बदलू नका, नवी जोडा.