चावी काढली म्हणून प्रॉपेलर धरून विमान ओढायचं नसतं

«छोटं विमान हँगरमध्ये घालायला महागडा टग कशाला?» अशी सुरुवात असलेला एक मेसेज ठाण्या-कळव्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. हँगर म्हणजे विमान ठेवायची शेड, आणि टग म्हणजे जमिनीवर विमान ओढणारं छोटं यंत्र. पुढे उपदेश असे: चावी काढली की प्रॉपेलर, म्हणजे विमानाचा पुढचा पंखा, धरून खुशाल ओढा. टग घ्यायचाच तर सर्वांत जास्त हॉर्सपॉवरचा घ्या, बॅटरीवाला म्हणजे खेळणं. पुढचं चाक हवं तेवढं वळवा. आणि एकच टग सगळ्या विमानांना चालतो.

माझ्या भाच्याने तो मला पाठवून विचारलं, «मामा, हे बरोबर आहे ना?» पोरगा लवकरच एका फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये मदतनीस म्हणून लागतोय. म्हणजे उद्या तो पंखा त्याच्याच हातात असणार. लिहिणाऱ्याने फक्त फॉरवर्ड केलं आणि मोकळा झाला.

आधी प्रॉपेलरचंच बघू, कारण यात जीव जाऊ शकतो. मोटारीची चावी काढली की स्पार्क बंद, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. सेसना १७२ सारख्या विमानाच्या पिस्टन इंजिनात स्पार्क देणारा मॅग्नेटो असतो आणि त्याला बॅटरीची गरज नसते. प्रॉपेलर फिरला की मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. स्विच ‘ऑफ’ला नेल्यावर एका वायरीतून मॅग्नेटो ग्राउंड होतो, म्हणजे त्याची वीज इंजिनाच्या धातूत उतरते, म्हणून स्पार्क पडत नाही. ती वायर तुटली किंवा टोकाला सैल झाली, तर चावी तुमच्या खिशात असूनही मॅग्नेटो जिवंतच. बाहेरून काही दिसत नाही. त्यात इम्पल्स कपलिंग नावाची स्प्रिंगची रचना असते. इंजिन अगदी हळू फिरतानाही जोरकस स्पार्क मिळावा, यासाठीच ती बसवलेली. म्हणजे हाताने पातं थोडंसं ओढलं, आत पेट्रोलची वाफ उरलेली असली, की इंजिन एक झटका मारू शकतं. तेवढ्यात हात गेला, किंवा डोकं. प्रॉपेलर कधीही ‘चालू’च समजायचा, हे हँगरमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात.

जुनी माणसं पात्याच्या मुळाशी धरून विमान ओढतात, हे मी जुहूला नोकरीत असताना पाहिलंय. होतं असं. पण त्यांचं बघून नवख्याने पात्याच्या टोकाला लोंबकळायचं नाही. आणि पुढच्या शंकूवर, म्हणजे स्पिनरवर, जोर देऊन ढकलायचं तर मुळीच नाही. त्याचा पत्रा पातळ असतो, तडकतो.

आता हॉर्सपॉवर. सेसना १७२ एस पूर्ण भारानिशी सुमारे ११५७ किलो भरतं. सपाट, कोरड्या काँक्रीटवर दोन माणसं ते ढकलतात. मेसेजमधलं ‘टग लागतोच असं नाही’ एवढंच काय ते अर्धं खरं, तेही नाइलाजाने मान्य करतो. पण हँगरच्या तोंडाशी नुसता दोन टक्के चढ असला, तर तेवढ्यासाठीच २३ किलोचा जादा जोर लागतो, आणि हात सुटला तर तेच वजन उलटं तुमच्या अंगावर येतं. तिथे टग हवाच. पण त्याची ताकद कामी येते ती चाकाला जमिनीची पकड असेल तरच. जुलैत शेवाळ धरलेल्या सोसायटीच्या रॅम्पवर स्कूटरचं चाक जसं जागच्या जागी फिरतं, तसाच हलका पण दणकट इंजिनाचा टग ओल्या काँक्रीटवर फिरत बसतो. म्हणूनच काही टग विमानाचं पुढचं चाकच उचलून स्वतःवर घेतात. तो भार टगच्या चाकांवर आला की पकड मिळते. आपल्या कोकणपट्टीच्या पावसात मी तसलाच घेईन. शिवाय वेग चालण्याइतका, आणि लीव्हर सोडल्याबरोबर जागीच थांबणारा.

बॅटरीवाला खेळणं? अजिबात नाही. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, आणि बंद हँगरमध्ये धूर होत नाही. चार्जिंग विसरलात तर अडून बसेल, हे खरं.

‘चाक हवं तेवढं वळवा’ यावर मला वाद घालायचाच नाही. सेसना १७२ च्या वैमानिक-पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: वाहनाने ओढताना पुढचं चाक मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ३० अंशांपलीकडे वळवू नका, नाहीतर गिअरचं, म्हणजे चाकाच्या पायाचं, नुकसान होईल. रडर लॉक, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू हलू नये म्हणून लावायचा अडसर, लावलेला असेल तर तो आधी काढा. आणि त्याच पानावर एक गोष्ट आहे जी हँगरवाल्याने भिंतीवर लिहून ठेवावी: खडबडीत जमिनीवर पुढचा स्ट्रट, म्हणजे चाकावरचा हादरे झेलणारा दांडा, दबला की शेपूट वर उचललं जातं आणि दाराच्या चौकटीला आपटू शकतं. पुढचा टायर बसला असेल किंवा स्ट्रटमधली हवा गेली असेल तरीही शेपूट उंच होतं. सगळे पुढे पंखांच्या टोकांकडे बघत असतात. म्हणून एक माणूस मागे, शेपटापाशीच उभा हवा.

एकच टग सगळ्यांना? चाकावर फेअरिंग, म्हणजे झाकण, आहे का, ॲक्सलला पकडायला जागा आहे का, प्रॉपेलर टगला घासतो का, विमान शेपटीच्या चाकाचं आहे का, यावर सगळं अवलंबून. भाच्याला मी एवढंच सांगितलं: टग मागवण्याआधी आपल्या विमानाच्या पुढच्या चाकाशी बसून टेपने मापं घे, विक्रेत्याला त्याच विमानावर लावून दाखवायला सांग, तेही पाऊस पडून गेल्यावर, दारातल्या रुळावरून. आणि काम झालं की टो-बार, म्हणजे चाकाला लावलेला ओढायचा दांडा, काढून जागेवर ठेव, इंजिन सुरू करायच्या आधी.